‘नगं’चं रामकृष्णहरी

नमस्कार. हा माईक जरा खाली घेते. आधीचे वक्ते उंच होते, विचारांनीही आणि अंगानेही.

पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘व्यवसायोपचारातील नीतिमूल्ये व व्यावसायिक आचार : पाच सूत्रे’. ही पाच सूत्रं मी फोनवर सांगितली तेव्हा मला तोंडपाठ होती, आता कागदावर आहेत. तुम्ही पंचेचाळीस मिनिटं दिलीत, त्यातली आठ समईने खाल्ली. वात काही लागेना. एवढे ‘हाताचे तज्ज्ञ’ व्यासपीठावर असताना काडी शेवटी शिपाईमामांनी लावली, याची नोंद घ्या.

बोलता बोलता एक वस्तू तुमच्यात सोडते. साधा स्टीलचा चमचा आहे. मुठीला सायकलच्या हँडलचं रबर चढवलंय आणि वर वेल्क्रोचा पट्टा आहे. हातात घालून बघा, पुढच्याला द्या.

समोर निम्मे विद्यार्थी दिसताहेत. ‘ओटी करतोय’ म्हटल्यावर घरी काय झालं असेल ते मला माहीत आहे. मराठीत ओटी भरतात, ओटीवर बसतात, आणि पेशंटला ओटीत घेतलं की नातेवाईक बाहेर देव पाण्यात ठेवतात. आपली ओटी चौथी, ऑक्युपेशनल थेरपी. माझ्या सासूबाई वर्षानुवर्षं ‘सून ऑपरेशनं करते’ असं सांगत होत्या. मीही दुरुस्त केलं नाही. हा माझा पहिला आचारभंग. बरं, शुद्ध मराठीत सांगावं तर ‘व्यवसायोपचार’. पाटी वाचून एक तरुण फाईल घेऊन आला होता, पिठाच्या गिरणीला कर्ज मिळेल का विचारत. त्याला जिल्हा उद्योग केंद्राचा पत्ता दिला. जाताना म्हणाला, “मग तुम्ही कसला व्यवसाय लावून देता?” मी म्हटलं, “आंघोळीचा.” तो फार घाईने गेला.

पण ते खरंच आहे. आंघोळ, जेवण, कपडे, शाळा, शेत, गिऱ्हाईक, देवपूजा. माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो तो त्याचा व्यवसाय. आजाराने तो सुटला की पुन्हा जमवून द्यायचा, हा आपला उपचार. 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी आपल्याकडचं पहिलं व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं. आशियातलंही पहिलंच. बाई जन्माने अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. लग्न करून निंबकरांच्या घरात आल्या. दोनच वर्षांनी, 1952 मध्ये, अखिल भारतीय संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या पहिल्या दहा देशांत भारत होता. आपण उपरे नाही, हे सासूबाईंना सांगायचं राहून गेलं.

असो. आता आण्णा. नाव बदललंय, गाव सांगत नाही. पंढरपूरच्या अलीकडचं समजा.

मी तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात नवी नवी होते. आण्णा साठीच्या पुढचे, माळकरी, वारी न चुकवलेले. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं. ‘आण्णा, खिडकी कुठंय’ म्हटलं की बघायचे. बोलायला मात्र एकच गोष्ट उरली होती, ‘रामकृष्णहरी’. विद्यार्थ्यांना हे ठाऊक असेल. जुळवून बोलायची वाट बंद होते, पण हजारो वेळा घोटलेलं कधीकधी शाबूत राहतं. कुणाचे आकडे राहतात, कुणाची आरती, कुणाची शिवी. त्याच वॉर्डात एका गृहस्थांची शिवीच राहिली होती आणि राउंडला साहेब आले की ते अगदी मनापासून बोलायचे. त्या मानाने आमचं नशीब चांगलं.

मी आण्णांसाठी ध्येय लिहिलं : तीन आठवड्यांत डाव्या हाताने स्वतंत्रपणे जेवण. ताटाखाली घसरू नये म्हणून ओलं फडकं, एका बाजूला उंच कड असलेली थाळी, हाच असा चमचा. रोज अकरा वाजता सराव. मी चमचा पुढे करायची, आण्णा म्हणायचे, “रामकृष्णहरी.” मी म्हणायची, “रामकृष्णहरी आण्णा!” आणि चमचा डाव्या हातात सरकवायची. मला वाटायचं, काय छान पेशंट आहे, रोज नमस्कार करतो.

तीन आठवड्यांत जमलं की हो. रोजची कामं स्वतःची स्वतः किती जमतात याचे गुण देणारा बार्थेलचा तक्ता असतो, त्यात जेवणाच्या रकान्यात पाचाचे दहा झाले. त्या रकान्यात दहाच्या वर जाताच येत नाही. मी विभागात केस मांडली, टाळ्या घेतल्या. आण्णा घरी गेले.

दीड महिन्याने सून घेऊन आली. गळ्याखालची हाडं वर आली होती. मी विचारलं, जेवतात ना? ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, “मॅडम, पंगतीला बसत न्हाईत. समद्यांचं झाल्यावर भिताडाकडं तोंड करत्यात आन दोन घास खात्यात. डाव्या हातानं खायाचं म्हंजे…” वाक्य तिने पुरं केलं नाही, करायची गरजही नव्हती.

मी म्हटलं, “पण इथे तर रोज करायचे! कधी नाही म्हणाले नाहीत.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “म्हनत हुते की. मी हितंच बाकावर बसलेली असायची. रोज नगंच म्हनत हुते. त्यांचं नगंचं रामकृष्णहरी निराळं असतंय.”

आणि मग तिने म्हणून दाखवलं. होकाराचं असलं की ‘हरी’ वर उचललं जातं. भूक लागली की लांबतं. ‘नगं’चं असलं की सगळा जोर ‘राम’वर, पुढचं गिळलेलं, आणि डोळे मिटलेले. तिच्याकडे असे पाच-सहा प्रकार होते. मी तीन आठवडे त्या माणसाच्या नकाराला नमस्कार करत होते.

मीही मराठी घरातली. पानावर बसल्यावर डावा हात पुढे आला की आईची चापटी बसायची. डावा हात कशाचा, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण पांढरा कोट घातला की हातात स्नायू आणि नसा एवढंच उरतं. दोष तक्त्यालाही देता येईल. 1965 साली मेरीलँडमध्ये महोनी आणि बार्थेल यांनी तो छापला. स्वतंत्र जेवण म्हणजे काय, तर अन्न कापता आलं पाहिजे, मीठमिरी घालता आली पाहिजे, लोणी लावता आलं पाहिजे. पावाला लोणी आहे त्यात, भाकरी मोडणं नाही. पंगत तर नाहीच नाही. पण तक्ता बिचारा मेरीलँडचा, मी कुठली होते?

त्या दिवशी मी पहिल्यांदा आण्णांच्या समोर खाली बसले, मान वर करून विचारलं आणि उत्तराची वाट बघितली. दुभाषी सून. अर्धा तास लागला. ठरलं ते असं : भाकरी सुनेने आमटीत कुस्करून काला करून द्यायचा. पहिला घास उजव्याच हाताचा. लुळ्या बोटांत तो ठेवायचा, मनगट डाव्या हाताने धरायचं आणि दोन्ही हातांनी मिळून तोंडाशी न्यायचा. पहिल्याच खेपेला निम्मा सदऱ्यावर सांडला. आण्णांनी तो सदऱ्यावरून वेचून खाल्ला. पुढचे घास चमच्याने, डाव्या हाताने. त्याला त्यांची आता हरकत नव्हती. पुन्हा आले तेव्हा सून म्हणाली, पंगतीत बसतात.

काला करून द्यायला माणूस लागतो, म्हणजे परावलंबन. तक्त्यात दहाचे परत पाच. केस पुन्हा मांडली असती तर प्रगती उणे पाच.

याच्यावर मी अजून पुष्कळ बोलू शकते आणि बोलतेच, घरचे साक्षीदार आहेत. पण संयोजकांची चिठ्ठी आलीय. ‘दहा मिनिटे’. अधोरेखित.

तर पाच सूत्रं. पहिलं यातच आलं, संमती. आण्णांच्या फाईलला संमतिपत्र होतं बरं का. त्यावर मुलाची सही होती, कारण आण्णांचा उजवा हात चालत नव्हता. आण्णा तिथेच खुर्चीत बसलेले होते. दाखल होतानाची एक सही म्हणजे संमती नव्हे, ती रोज अकरा वाजता नव्याने मागायची असते. वाचा गेलेल्याकडून, लहान मुलाकडून, विसरभोळ्या आजींकडूनही. त्यांच्या ‘नगं’ची भाषा ज्याला कळते तो माणूस बहुतेक वेळा बाहेर बाकावर बसलेला असतो.

दुसरं, गोपनीयता. आपल्याकडे सध्या ‘आधी आणि नंतर’चे व्हिडिओ काढायची साथ आली आहे. स्वमग्न मूल पहिल्या दिवशी रडतंय, मागे करुण संगीत, साठाव्या दिवशी मणी ओवतंय, खाली दवाखान्याचा नंबर. आईबापांना विचारलं होतं, म्हणतात. ज्याच्याकडे उपचाराला आलोय त्याला ‘नाही’ म्हणायची आईबापांची केवढी टाप असते, ते मी वेगळं सांगत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात संमतीशिवाय रुग्णाचा फोटो माध्यमांना द्यायला बंदी आहे, 2023 च्या विदा म्हणजे डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती आहे. पण ते मूल सोळाचं होईल, वर्गातलं कुणीतरी तो व्हिडिओ शोधून काढेल. ते कुठल्या कलमात बसवणार?

तिसरं, कट. इथे एकदम शांतता झाली. पेशंट पाठवणाऱ्याला महिन्याअखेरीस पाकीट जातं, स्प्लिंटच्या, म्हणजे हातापायाला बांधायच्या आधारांच्या, दुकानातून आपल्याला येतं. 2017 मध्ये राज्यात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला होता, म्हणजे रोग सरकारलाही दिसतो. पाकिटाचे पैसे कुठून येतात, एवढाच हिशेब करा. गरज नसलेल्या सत्रांतून येतात.

त्यालाच लागून चौथं, थांबणं. सुधारणा जिथे अडते तिथे सांगायचं, “आता रोज येऊ नका, घरी एवढं करा, तीन महिन्यांनी दाखवा.” हे वाक्य आपल्या धंद्यात सर्वांत महाग पडतं. ‘सहा महिन्यांत मूल बोलेल’ असली पाटी लावणारे ते वाक्य कधीच म्हणत नाहीत.

पाचवं, आपलं कुंपण. जे शिकलो तेवढंच करायचं, आपल्या नावावर मदतनिसाने सत्र घ्यायचं नाही. महाराष्ट्रात 2002 च्या कायद्याने आपली आणि फिजिओची मिळून परिषद झाली, 2021 मध्ये आपल्यासारख्या आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्राचा आयोगाचा कायदा आला. नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसेल असा लावा, पदव्यांपेक्षा मोठा. नावाआधी ‘डॉ.’ लावायचं की नाही या भांडणात मी पडत नाही, मला घरी जायचंय.

कुंपणातच भेटवस्तू येतात. घरी जाऊन उपचार करणाऱ्यांना चहा, फराळ, ‘मुलीसारखी आहेस’ आणि मग फी बुडवणं, असा क्रम ओळखीचा असेल. त्यावर नियम सांगणार होते. पण खरं सांगायचं तर आण्णांची सून त्या वर्षी पिशवीभर ओल्या शेंगा घेऊन आली होती, एसटीने, मांडीवर ठेवून. मी घेतल्या. विभागात वाटल्या, निम्म्या घरी नेल्या. आज कुणी विद्यार्थिनीने विचारलं तर मी ‘घेऊ नकोस’ म्हणेन की काय, ते मला इथे उभं राहूनही ठरवता येत नाहीये.

दुसरी चिठ्ठी आली. थांबते. तो चमचा कुठवर पोचलाय? शेवटच्या रांगेत? पुढे पाठवा बरं, उद्या सकाळी एका आजोबांना लागणार आहे.