एक गोल कमी पडला असता तर? १९६४-६५ च्या स्कॉटिश लीगचा भागाकार

नमस्कार. मागच्या व्हिडिओत स्कॉटलंडच्या १९६४-६५ च्या फुटबॉल हंगामाविषयी बोलताना माझ्या तोंडून "किल्मार्नॉक गोलफरकावर जिंकले" असे वाक्य निसटले आणि तेव्हापासून प्रतिक्रियांचा ओघ थांबलेला नाही. निम्म्या प्रेक्षकांनी चूक दाखवून दिली, ती मला मान्य आहे. उरलेल्या निम्म्यांनी मात्र "गोलफरक काय आणि गोल सरासरी काय, शेवटी एकच ना?" असे विचारले आहे, आणि हा प्रश्न वाचून मला स्वस्थ बसवले नाही. त्या दोन गोष्टी एकच असत्या, तर त्या वर्षीचे विजेतेपद किल्मार्नॉकला मिळालेच नसते.

पार्श्वभूमी भराभर सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. पहिल्या विभागात १८ संघ होते, प्रत्येकाचे ३४ सामने, विजयाला २ गुण आणि बरोबरीला १. गुण समान झाले तर विजेता गोल सरासरीवर ठरे. रेंजर्स त्या वर्षी पाचवे आले आणि सेल्टिक आठवे, म्हणजे ग्लासगोचे दोन्ही बलाढ्य संघ शर्यतीच्या बाहेर. अखेरच्या दिवशी एडिनबऱ्याचे हार्ट्स ५० गुणांवर होते आणि आयर्शरमधले किल्मार्नॉक ४८ वर. योगायोग असा की अखेरचा सामना याच दोघांत होता, तोही हार्ट्सच्या घरी, टायनकॅसलवर.

किल्मार्नॉक हे नाव ऐकून एका प्रेक्षकाने "हे गाव तर बाटलीवर वाचले आहे" असे लिहिले आहे. बरोबर आहे, जॉनी वॉकरची सुरुवात तिथल्याच एका किराणा दुकानातून झाली. पण फुटबॉलमध्ये या गावाची ओळख तोवर "दुसरे येणारे" अशीच होती. आधीच्या पाच हंगामांत चार वेळा ते उपविजेते ठरले होते, आणि त्यांतल्या पहिल्या वेळी, १९५९-६० मध्ये, त्यांच्या वर हार्ट्सच होते. व्यवस्थापक होते विली वॉडेल, एकेकाळचे रेंजर्सचे उजव्या बगलेचे खेळाडू. हंगाम संपताच आपण पद सोडणार हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते.

आता फळ्याकडे या, कारण सगळी गंमत इथे आहे. गोलफरकात आपण केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करतो. गोल सरासरीत केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागतो. वजाबाकी आणि भागाकार. बस, एवढाच भेद आहे, पण तो एवढासा नाही.

सामन्यापूर्वी हार्ट्सचे ९० गोल होते आणि त्यांच्यावर ४७ झाले होते; भागाकार १.९१५. किल्मार्नॉकचे ६० आणि ३३, भागाकार १.८१८. किल्मार्नॉक १-० ने जिंकले असते तर दोघांचे ५० गुण झाले असते, परंतु हार्ट्स ९० भागिले ४८ म्हणजे १.८७५ आणि किल्मार्नॉक ६१ भागिले ३३ म्हणजे १.८४८. विजेते हार्ट्स. आता २-० करून पाहू. हार्ट्स ९० भागिले ४९, १.८३७. किल्मार्नॉक ६२ भागिले ३३, १.८७९. विजेते किल्मार्नॉक. फरक दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या घराचा. २-१ झाले असते तर पुन्हा हार्ट्स, १.८५७ विरुद्ध १.८२४. म्हणजे पाहुण्यांना नुसते जिंकून भागणार नव्हते, दोन गोलांच्या अंतराने जिंकायचे होते.

"वजाबाकीने काय झाले असते?" हा पुढचा प्रश्न. हार्ट्स ९० वजा ४९, म्हणजे ४१. किल्मार्नॉक ६२ वजा ३३, म्हणजे २९. हार्ट्स १२ गोलांनी पुढे! ज्यांना अजूनही दोन्ही एकच वाटते, त्यांनी हे दोन आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवावेत.

तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने सांगतो. भागाकारात खाल्लेला गोल केलेल्या गोलापेक्षा महाग पडतो. ६२ आणि ३३ वर उभ्या असलेल्या किल्मार्नॉकने आणखी एक गोल केला असता तर सरासरी ०.०३० ने वाढली असती. एक खाल्ला असता तर ०.०५५ ने घसरली असती. जवळजवळ दुप्पट. वॉडेल यांचा संघ बचाव घट्ट ठेवून खेळे आणि हार्ट्स गोलांचा पाऊस पाडत. ही पद्धत कंजूषाला बक्षीस देते आणि उधळ्याला शिक्षा करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पद्धतीशी माझी स्वतःची ओळख कोल्हापुरात लहानपणी झाली. एका थोरल्याने कुठेतरी वाचले म्हणून आम्ही गल्लीतल्या स्पर्धेत गोल सरासरी लावली. आमच्या संघाने तीन गोल केले होते आणि एकही खाल्ला नव्हता, त्यामुळे तिनाला शून्याने भागायची वेळ आली. अर्धा तास वाद झाला, कोणी म्हणाले उत्तर शून्य, कोणी म्हणाले अनंत, आणि शेवटी ज्याचा चेंडू होता त्याने निकाल दिला. आम्ही हरलो.

असो, टायनकॅसलकडे परत येऊ. दिवस २४ एप्रिल १९६५, प्रेक्षक ३६ हजारांहून अधिक. सुरुवातीलाच हार्ट्सच्या रोआल्ड येन्सन या नॉर्वेच्या खेळाडूचा फटका खांबाला लागून परतला. २७ व्या मिनिटाला टॉमी मॅक्लीनच्या क्रॉसवर डेव्ही स्नेडनने डोक्याने गोल केला आणि दोनच मिनिटांनी ब्रायन मॅकिलरॉयने दुसरा. म्हणजे हवे तेवढे अर्ध्या तासाच्या आत मिळाले, आणि उरलेला तासभर एकही गोल खायचा नव्हता. अगदी शेवटी हार्ट्सच्या ॲलन गॉर्डनचा फटका कोपऱ्याकडे निघाला आणि गोलरक्षक बॉबी फर्ग्युसनने झेपावून तो खांबाबाहेर ढकलला. मघाचे २-१ चे गणित आठवा. तो चेंडू आत गेला असता, तर सामना किल्मार्नॉकने जिंकला असता आणि लीग हार्ट्सने.

तिसऱ्या आलेल्या डनफर्मलिन संघाची चौकशी करणाऱ्यांसाठी एक वाक्य: त्यांची सरासरी ८३ भागिले ३६, म्हणजे २.३०६, तिघांत सर्वोत्तम होती, पण गुण ४९ होते, आणि त्याच दुपारी ते हॅम्पडेनवर स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात सेल्टिककडून ३-२ ने हरले.

आता तिसरी बाजू. "नेट रन रेटसारखेच आहे की" असे जे लिहितात त्यांना सांगतो की नेट रन रेटमध्ये शेवटी वजाबाकी असते, त्यामुळे त्याचे नाते गोलफरकाशी जवळचे आहे. आणि "असे एकदाच घडले" म्हणणाऱ्यांनी १९५२-५३ चा हंगाम पाहावा. रेंजर्स आणि हिब्ज, म्हणजे हायबर्नियन, दोघांचे ४३ गुण. हिब्जचे गोल ९३ आणि ५१, रेंजर्सचे ८० आणि ३९. वजाबाकीने हिब्ज ४२ विरुद्ध ४१ असे पुढे. भागाकाराने रेंजर्स विजेते. अखेरच्या सामन्यात क्वीन ऑफ द साऊथविरुद्ध रेंजर्सला बरोबरी साधून देणारा गोल कोणाचा होता? विली वॉडेल यांचा. खेळाडू म्हणून त्यांनी हा भागाकार एकदा पार केला होता, आणि बारा वर्षांनी व्यवस्थापक म्हणून पुन्हा केला.

पुढे स्कॉटलंडने भागाकार सोडून वजाबाकी स्वीकारली. मग १९८५-८६ चा अखेरचा दिवस आला. हार्ट्सला डंडीविरुद्ध एक गुण पुरेसा होता, पण अखेरच्या काही मिनिटांत ॲल्बर्ट किड या बदली खेळाडूने दोन गोल केले आणि तिकडे सेल्टिकने सेंट मिरनवर पाच गोल चढवले. दोघांचे ५० गुण. सेल्टिक ६७ वजा ३८, म्हणजे २९. हार्ट्स ५९ वजा ३३, म्हणजे २६. विजेते सेल्टिक. आता फळा पुसण्याआधी तोच हिशेब जुन्या पद्धतीने करतो: सेल्टिक १.७६३, हार्ट्स १.७८८.