बारमाही हिरवी वने

श्रोतेहो, नमस्कार. फाल्गुन सरत आला की मेळघाटापासून गडचिरोलीपर्यंतची आपली सागवने उघडी पडतात आणि रानात डोळ्यांत भरतो तो फक्त फुललेला पळस. सागाचे हे पान गाळणे मला फार शहाणपणाचे वाटते, कारण पावसाळा संपल्यावर पाण्याची आशा नसताना त्याने सुपाएवढी पाने वैशाखापर्यंत राखली, तर त्यांतून उडून जाणारे पाणी मुळांनी आणायचे कोठून? मात्र पृथ्वीवर असेही प्रदेश आहेत, जेथे झाडांवर ही वेळ येत नाही.

समशीतोष्ण सदाहरित वने मध्य अक्षांशांत, बहुधा समुद्राजवळ वाढतात. आग्नेय अमेरिका, दक्षिण चीन, दक्षिण जपान, आग्नेय ब्राझील, तसेच चिली आणि न्यूझीलंड येथे ती आहेत. तेथे हिवाळा सौम्य असतो आणि बहुतेक ठिकाणी पाऊस वर्षभर विभागून पडतो, म्हणून ओक, पाइन, मॅग्नोलिया यांसारखी झाडे जुनी पाने थोडीथोडी टाकतात आणि नवी धरतात.

याच गोतातली, मूळची ऑस्ट्रेलियाची निलगिरी आपल्याकडे धुऱ्यांवर लावलेली दिसते. तिचे जून पान हातात घेऊन पाहा. ते चिवट असते, दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसते आणि फांदीवर उभे लोंबते, त्यामुळे भर दुपारचे ऊन त्याच्या कडेवर पडते, पात्यावर नाही.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचा रेडवुड मला सर्वांत विलक्षण वाटतो. तेथे उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतो, परंतु पॅसिफिक महासागरावरून येणारे धुके त्याच्या पानांवर साचते, थेंबाथेंबाने मुळाशी टपकते आणि थोडा ओलावा तर पानेच शोषून घेतात. २००६ मध्ये सापडलेला असा एक वृक्ष ११५ मीटरांहून उंच भरला.

आपल्या देशात अशी वने पाहायची तर उत्तराखंडात जावे. तेथील बांज हा ओकचाच प्रकार असून त्याचे पान वरून गर्द हिरवे, तर खालून पांढुरके, लवदार असते. त्याच्या पाचोळ्याचा कुजून जाड थर होतो, तो पावसाचे पाणी धरून ठेवतो, म्हणून डोंगरातले लोक झऱ्यांसाठी बांज जपतात. हिवाळ्यातही हिरवा चारा मिळत असल्याने त्याच्या फांद्या मात्र सतत तोडल्या जातात. अशा रीतीने बांज विरळ झाला की पुष्कळ ठिकाणी चीड हा पाइनचा प्रकार पसरतो, आणि चिडाच्या वाळलेल्या सुयांना उन्हाळ्यात वणवा चटकन लागतो.