मोगॅम्बोच्या आधीची वीस-बावीस वर्षं

नमस्कार मंडळी. आज अमरीश पुरींबद्दल बोलूया. नाव घेतल्या घेतल्या तो आवाज तुमच्या कानात घुमला असणार, मी नक्कल करायच्या भानगडीत पडत नाही, आपला घसा तेवढा दणकट नाही. पण मला मोगॅम्बोच्या आधीचा माणूस सांगायचाय. कारण मिस्टर इंडिया आला १९८७ ला आणि तेव्हा पुरी जवळपास ५५ वर्षांचे होते, म्हणजे ज्या वयात आपल्याकडे लोक पीएफचा हिशोब मांडायला बसतात त्या वयात ह्या माणसाचं नाव पोराटोरांच्या तोंडी झालं.

जन्म १९३२ चा, पंजाबातल्या नवांशहरचा. थोरले भाऊ चमन पुरी आणि मदन पुरी आधीच सिनेमात, के. एल. सैगल नात्यातले. आता ह्याला कनेक्शन नाही तर काय म्हणायचं! तरीपण वयाच्या बाविशीत हिरोसाठी स्क्रीन टेस्ट दिली आणि सपशेल नापास. मग काय केलं, तर सरळ नोकरी धरली. कर्मचारी राज्य विमा महामंडळ, आपण ईएसआय म्हणतो ना, तेच. फायली, टेबल, महिन्याच्या महिन्याला पगार. लग्नही तिथल्याच ओळखीतून जमलं, तेही मराठी मुलीशी, १९५७ साली.

आणि ऑफिस सुटलं की नाटक. नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी ह्यांना नाटकाकडे ओढलं आणि मग ते सापडले दुसरे दिग्दर्शक सत्यदेव दुबे ह्यांच्या तावडीत. दुबे वयाने लहान, पण पुरी गुरू मानायचे ते त्यांनाच. दुबे म्हणजे किती कडक माणूस हे मुंबईच्या नाटकवाल्या जुन्या मंडळींना वेगळं सांगायला नको, शब्द नीट उच्चारला नाही तर खैर नाही. मोहन राकेशांचं 'आधे अधूरे' घ्या. त्यात एकाच नटाला चार-पाच पुरुष उभे करायचे असतात, घरात बसलेला हरलेला नवरा तोच, बायकोचा बॉस तोच, तिचा जुना मित्रही तोच, कपडे बदलायला मिळतात जेमतेम काही मिनिटं आणि प्रेक्षकाला तर प्रत्येक वेळी माणूस वेगळा वाटला पाहिजे. हे पुरी करायचे, दुबेंच्याच दिग्दर्शनात. खाली बसलेल्या लोकांना काय कल्पना असणार की हा उद्या सकाळी परत ऑफिसात जाऊन फायली उघडणारे.

मला स्वतःला ना, स्ट्रगलच्या त्या नेहमीच्या गोष्टी आता नकोशा होतात. प्लॅटफॉर्मवर झोपला, वडापाववर दिवस काढले, नोकरीला लाथ मारली आणि मग स्टार झाला. अहो लाथ मारून परत गावी गेलेले कितीतरी असतील, त्यांना कोण विचारतंय? पुरींनी लाथबिथ मारली नाही, वीस-एकवीस वर्षं कारकुनी केली, आणि मला वाटतं त्या पगारामुळेच त्यांना मिळेल तो फालतू रोल घ्यायची पाळी आली नाही, पैसे न देणारी पण कस लागणारी नाटकं करता आली. घरच्यांचे हाल झाले नाहीत हेही आहेच, ते कुणी मोजत नाही.

सिनेमात आले तेही असेच कडेकडेने. १९७१ साली दुबेंनी तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'वर मराठी सिनेमा काढला, त्यात छोटासा रोल, आगगाडीत गाणारा आंधळा. वय ३९. मग श्याम बेनेगल भेटले आणि गाडी रुळावर आली, १९७५ ला निशांत, पुढच्या वर्षी मंथन आणि १९७७ ला भूमिका, जो अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मचरित्रावर बेतलेला. त्यातला विनायक काळे आठवतोय का? पैसेवाला, घरंदाज, बोलणं एकदम शांत. स्मिता पाटील त्याच्या वाड्यात येते, सगळं मिळतं, फक्त दाराबाहेर पाऊल टाकायची परवानगी नाही. जत्रेला जायचंय म्हणते आणि तो नाही म्हणतो. आरडाओरडा नाही, डोळे वटारणं नाही, आणि तरी आपल्याला घाम फुटतो. मला विचाराल तर हा रोल मोगॅम्बोच्या चार पावलं पुढे आहे, पटत नसेल तर भांडा.

१९७९ ला नाटकासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर कुठे १९८० च्या 'हम पाँच'ने धंदेवाईक हिंदी सिनेमाला हा व्हिलन सापडला. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. स्पीलबर्गच्या इंडियाना जोन्ससाठी मुंडण केलं, ते इतकं शोभलं की पुढे टक्कल तसंच ठेवलं आणि प्रत्येक सिनेमाला नवा विग, नवा माणूस. 'आधे अधूरे'चीच तयारी कामाला आली म्हणायची. वयाच्या ६३ व्या वर्षी दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे, लंडनमध्ये कबुतरांना दाणे टाकणारा तो बाप. १२ जानेवारी २००५ ला गेले, तोपर्यंत काम चालूच होतं.

आता तुम्हाला एक काम. ह्या रविवारी भूमिका शोधून बघा आणि त्यातला काळे आणि दिलवालेतला चौधरी बलदेव सिंग शेजारी शेजारी ठेवा. दोघंही घरातल्या बाईला स्वतःच्या मनाने दाराबाहेर जाऊ देत नाहीत, एकाची आपल्याला चीड येते आणि दुसऱ्यासाठी मात्र थिएटरात टाळ्या पडल्या. असं का, ते कळवा, आलेली पत्रं आणि मेसेज पुढच्या भागात वाचूया.