घाटात दम सोडणारी जीप

"गाडी ओढूनच नाही राह्यली, भाऊ." परतवाड्याच्या गॅरेजात जीप लावता लावता ड्रायव्हर एवढंच सांगतो. सपाटीला ठीक चालते, पण चिखलदऱ्याचा घाट लागला की दुसऱ्या गिअरमध्येही दम सोडते.

"धूर कसा?" मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधी विचारतात. निम्मं निदान इथंच होतं. गाडी ओढत नाही आणि धूरही नाही, तर बहुतेक वेळा डिझेल कमी पडतंय. फिल्टर बघायचा, त्यातलं पाणी काढायचं. इथं धूर काळा आहे. म्हणजे डिझेल येतंय, पण ते जळायला हवा पुरत नाही.

घाटात हवा आधीच विरळ. समुद्रसपाटीला तिचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड, सुमारे ११०० मीटर उंचीच्या चिखलदऱ्यात तो १३ च्या आसपास. ही तूट टर्बो भरून काढतो, हवा दाबून इंजिनात भरतो. म्हणून पिकअप गेला की पहिला आळ टर्बोवरच येतो. खेड्यापाड्यांतून सवाऱ्या नेणाऱ्या माणसानं कित्येक फेऱ्यांची कमाई घालून तो बदलला आणि धूर तसाच राहिला, तर त्यानं जायचं कुठं?

हे मिस्त्री आधी एअर फिल्टर काढतात. धूळ, आणि तिच्यात अडकलेले कापसाचे तंतू. नवा बसवला, तरी फरक नाही. मग त्यांचं बोट टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला, जाणाऱ्या रबरी होसवर फिरतं आणि खालच्या वाकणाशी थांबतं. बाकी होस कोरडा, इथं मात्र चिकट, तेलकट धूळ. आतली हवा तेलाचा अंश घेऊन जिथून निसटते, तिथंच धूळ अशी धरते.

उभ्या गाडीत चीर दिसत नाही. लोड नसला की टर्बो दाब बनवत नाही, रबर मिटून राहतं. म्हणून होस काढून एक तोंड बंद केलं, दुसऱ्यातून कॉम्प्रेसरची हवा. जपून, १५ पौंडांच्या वर नाही. वरून साबणाचं पाणी. ५ पौंडांना काही नाही. १० ला एक बुडबुडा फुगतो, फुटतो, आणि मग फेसाची रांगच लागते. बोटाच्या पेराएवढी चीर, ब्रॅकेटला घासून पडलेली.

नवा होस बसतो. ब्रॅकेटवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला जातो. रिकाम्या गाडीवर मिस्त्रींचा भरवसा नाही. मागे पोती भरायला लावतात आणि स्वतः ड्रायव्हरशेजारी बसतात. घाटाचं पहिलं वळण येतं. काच खाली, कान इंजिनाकडे, नजर आरशात, मागच्या धुरावर.