आधी चित्र, मग पुस्तक

नमस्कार, श्रोतेहो.

टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते शिकायला बसलेली बरीच मंडळी तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ठेवतात. पत्ते ७८, प्रत्येकाचे अर्थ चार-चार, त्यात पत्ता उलटा आला की अर्थ वेगळा. पाढ्यांसारखं घोकलं की सगळी खिचडी होते. म्हणून आज चिकटवहीचं काम सांगते. स्टिकर, वॉशी टेप म्हणजे रंगीत कागदी चिकटपट्टी, रंगीत जेल पेनं, स्टिकी नोट, एवढं सामान पोरांच्या कपाटात निघतंच. एखादी वस्तू कमी पडली तर सीताबर्डीच्या बाजाराची एक फेरी पुरे.

वही १६० पानी घ्या. एका पत्त्याला समोरासमोरची दोन पानं, म्हणजे १५६ पानं झाली. उरलेली चार पानं रंगांच्या खुणांसाठी. कागद जरा जाड बघा, १०० जीएसएमच्या आसपास, नाहीतर जेलची शाई मागच्या पानावर उमटते. पत्ता साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि बारा उंच असतो. निम्म्या आकाराची कलर झेरॉक्स काढली की ए-फोरच्या एका कागदावर वीस चित्रं मावतात. चार कागदांत सगळा संच होतो.

आता टेप. पत्त्यांचे चार गट असतात. वाँड्स म्हणजे काठ्या, त्यांना लाल. कप्स म्हणजे पेले, त्यांना निळी. स्वोर्ड्स म्हणजे तलवारी, पिवळी. पेंटॅकल्स म्हणजे नाणी, हिरवी. अग्नी, पाणी, वारा, माती, असा तो क्रम. प्रत्येक गटाचे चौदा, हे छोटे पत्ते. मोठे बावीस, म्हणजे मेजर अर्काना, त्यांना सोनेरी. टेपचा बोटभर तुकडा पानाच्या बाहेरच्या कडेवरून दुमडून लावा. वही मिटली तरी रंगांचे पट्टे दिसतात, हवा तो गट लगेच उघडता येतो.

टेप लावली. आता पत्त्याचा अर्थ पुस्तकात बघायचा का? नाही. आधी चित्र, मग पुस्तक. असं का, ते कळायला १९०९ सालच्या लंडनला जावं लागतं.

तिथे पमेला कोलमन स्मिथ नावाची चित्रकार होती. वय ३१. जन्म लंडनचा, लहानपणाची काही वर्षं जमैकात गेलेली, चित्रकला शिकली ब्रुकलिनला. एलेन टेरी ही त्या काळची मोठी नटी. तिच्या नाटकमंडळींबरोबर पमेला गावोगाव हिंडली होती आणि ‘पिक्सी’ हे तिचं लाडाचं नाव त्या नटीनंच ठेवलं होतं. जमैकात अनान्सी नावाच्या कोळ्याच्या लोककथा आहेत, त्या ती रंगवून सांगायची. कागदाच्या बाहुल्या कापायची, रंगवायची आणि चिमुकल्या रंगमंचावर त्यांचा खेळ करायची. कात्री, कागद, रंग. आपल्यापुढे आत्ता मांडलंय तेच सामान, श्रोतेहो!

त्या वर्षी गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट यांनी तिला टॅरोचा संच काढायला सांगितलं. तोवर बहुतेक संचांत छोट्या पत्त्यांवर प्रसंग नसायचा. पाच पेले म्हणजे पाच पेले मांडलेले, आपल्या इस्पिक-बदामच्या पंजीसारखे. पमेलानं तिथे माणसं आणून उभी केली. कोणी रडतंय, कोणी नावेतून निघालंय, कोणी नाणी छातीशी धरून बसलंय. काही पत्त्यांवर माणसाच्या मागे एक आडवी रेघ दिसते. रेघेच्या अलीकडे सपाट जमीन, पलीकडे देखावा. नाटकाचा रंगमंच आणि मागचा पडदाच तो.

काही महिन्यांत तिनं काम हातावेगळं केलं. न्यूयॉर्कचे छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९०७ मध्ये तिची चित्रं आपल्या गॅलरीत लावली होती. त्यांना तिनं नोव्हेंबरात पत्र लिहिलं, की एक मोठं काम संपवलंय, पैसे मात्र फारच थोडे मिळाले. पत्ते छापले रायडर प्रकाशनानं, म्हणून नाव पडलं रायडर-वेट. प्रकाशकाचं नाव आलं, वेटसाहेबांचं आलं, चित्र काढणारीचं राहिलं. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती वारली, तेव्हा अंगावर कर्ज होतं. सामान विकून देणी भागवावी लागली. आता लोक रायडर-वेट-स्मिथ म्हणतात, आणि तसंच म्हणावं.

आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा आहे. दशावताराचे १२० गोल पत्ते, हातानं रंगवलेले. घरात असेल तर जपून ठेवा आणि रंगवणाऱ्याचं नाव डबीवर लिहून ठेवा. हातमागाची नागपुरी साडी घेतानाही विणकराचं नाव विचारावं, असं माझं ठाम मत आहे.

असो. सांगायचं हे, की गोष्ट पमेलानं चित्रातच घालून ठेवलीय. म्हणून पुन्हा सांगते, आधी चित्र, मग पुस्तक.

पेल्यांची पंजी घ्या. डाव्या पानावर चित्र चिकटवा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. काळा झगा घातलेला माणूस, मान खाली. समोर तीन पेले सांडलेले. घाईनं बघणाऱ्याला तेवढंच दिसतं. पाठीमागे दोन पेले उभे आहेत, दूर पूल आहे, पलीकडे वाडा आहे. उजव्या पानावर सांडलेल्यांचे तीन थेंब, उभ्यांचे दोन ठिपके, आणि पुलासाठी टेपची एक चिंचोळी पट्टी. खाली जांभळ्या पेननं तुमचं स्वतःचं एक वाक्य. मग पुस्तक उघडा आणि त्यातलं एकच वाक्य काळ्या पेननं लिहा. त्यावर स्टिकी नोट लावून झाका. दुसऱ्या दिवशी आधी आठवा, मग नोट उचला. रोज तीन पत्ते केले तर २६ दिवसांत वही पूर्ण होते.

तेरावा पत्ता मृत्यूचा, त्यावर लोक अडतात. तो एका गोष्टीचा शेवट आणि पुढच्या बदलाची खूण म्हणून वाचतात. टॅरो मुळात पंधराव्या शतकातला इटलीतला पत्त्यांचा खेळ आहे, भविष्य त्याला अठराव्या शतकात चिकटलं. या पत्त्यांवरून भीती घालून पैसे मागणाऱ्यांना दारात उभं करू नका.

बिघडतं कुठे, तेही ऐका. एका पानाला तीन स्टिकर, त्याहून जास्त नाही. फुगीर स्टिकर तर नकोच. मागच्या पानावर वळ उठतात आणि वही फुगून शिवण सुटते. खऱ्या पत्त्यांवर काहीही चिकटवू नका. तो एक पत्ता जाड होतो आणि पिसताना बोटांना ओळखू येतो. मे महिन्यात कूलरच्या झोतासमोर बसू नका. त्या ओल्या हवेत जेलची शाई वाळत नाही, पान लहरी धरतं. उन्हाच्या खिडकीतही वही ठेवू नका, स्टिकरचा गोंद पाघळतो. उरलेले तुकडे संत्राबर्फीच्या रिकाम्या डब्यात छान राहतात, मात्र डबा आधी पुसून कोरडा करा.

आणि प्रत्येक चित्रात पमेलाची सही शोधा. तिच्या नावाची अक्षरं एकमेकांत गुंफलेली आहेत, पुष्कळदा खालच्या कोपऱ्यात, कधी गवतात हरवलेली. सापडली की वहीत तिच्याशेजारी एक बारीक ठिपका द्या, खाली तारीख घाला आणि पान वाळू द्या.