सान ग्रेगोरिओ आर्मेनोचे कारागीर

(दृश्य: ओली माती, कारागिराची बोटं, अगदी जवळून)

मुठीत मावेल एवढा हा मातीचा गोळा. त्याला आता नाक आलंय. लाकडी कोरणीच्या टोकानं डोळ्यांच्या कडेला दोन बारीक रेघा ओढल्या, अंगठ्यानं गाल जरासे आत दाबले, आणि दात पडलेला एक म्हातारा आपल्याकडे बघायला लागला. अजून त्याला डोळे बसवायचे आहेत.

हे नेपल्स. इटलीच्या दक्षिणेचं बंदराचं शहर. त्याच्या जुन्या भागात सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक अरुंद गल्ली आहे. नाताळात इटलीत घरोघरी येशूच्या जन्माचा देखावा मांडतात, त्याला प्रेसेपे म्हणतात. त्या देखाव्यातली माणसं, गुरं, घरं, विहिरी, भाजीच्या टोपल्या, सगळं घडवणारी ही गल्ली.

(दृश्य: गल्ली, वरून, गर्दी)

डिसेंबरात इथं पाय ठेवायला जागा नसते. गर्दी फारच वाढली तर चालणाऱ्यांसाठीसुद्धा गल्ली एकदिशा करतात. दुकानांच्या फळ्यांवर मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, पुढारी आहेत, आणि मॅराडोना तर आहेच. त्यानं नेपल्सच्या फुटबॉल संघाला १९८७ साली पहिल्यांदा इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं. इथल्या देखाव्यात त्याला हक्काची जागा आहे.

पण आपण या फळ्यांच्या मागे जाऊ. जिना चढून वर, जिथं माती कालवली जाते तिथं.

(दृश्य: कारखाना, डोकं कापणं, काचेचे डोळे)

माती ओलसर असतानाच डोक्याचा मागचा भाग झाकणासारखा कापून काढतात. आतली माती खरवडून डोकं पोकळ करतात. भरीव ठेवलं तर भट्टीत तडकण्याची भीती. आणि याच पोकळीतून, आतल्या बाजूनं, काचेचे डोळे बसवले जातात. नेपल्सच्या जुन्या पद्धतीच्या बाहुल्यांची नजर इतकी जिवंत वाटते ती यामुळे. डोळे वरून रंगवलेले नाहीत, पापणीच्या आत बसलेले आहेत.

हात-पाय कधी लाकडात कोरलेले, कधी भाजलेल्या मातीचे. मधलं धड मात्र ना मातीचं ना लाकडाचं. आत तारेचा सांगाडा, त्याभोवती तागासारखा पिंजलेला तंतू घट्ट गुंडाळलेला. पाहा, कारागीर कोपर वाकवतो, कंबर थोडी फिरवतो, मान खाली करतो. तोच माणूस आता ओझं उचलतोय. पुन्हा हात फिरवला की तोच गुडघे टेकून बसलेला. साच्यातून निघालेल्या बाहुलीला एकच बैठक जन्मभर. याला नाही.

रंग तैलरंगांचे, एकावर एक पातळ थर. म्हाताऱ्याच्या नाकाचा शेंडा लालसर करायला कारागिरानं किती वेळ घेतला, ते तुम्ही पाहताच आहात. आम्ही हे दृश्य कापलेलं नाही.

(दृश्य: शिवणकाम, रेशमाचे तुकडे)

मग कपडे. कासेर्ताजवळच्या सान लेउचो गावात अठराव्या शतकात राजाच्या आश्रयानं रेशमाचे माग सुरू झाले. उंची बाहुल्यांसाठी तिथल्या रेशमाची ख्याती आहे. कापडाची नक्षी बारीक हवी, नाहीतर वीतभर अंगावर एकच फूल मावेल. शिवणाऱ्या बाईंनी काजं केली आहेत, आणि ती खरी उघडतात.

ही कला इतकी बहरली ती राजा चार्ल्स बूर्बो याच्या काळात. तो १७३४ साली नेपल्सचा राजा झाला. राजवाड्यात देखावा मांडला जायचा, राणी मारिया अमालिया बाहुल्यांचे कपडे स्वतः शिवायची असं सांगतात. राजानं मांडला म्हटल्यावर सरदारांनी मांडला, सरदारांनी मांडला म्हणून व्यापाऱ्यांनी. १७५९ मध्ये चार्ल्स स्पेनच्या गादीवर गेला, तेव्हा हा नाद तिकडेही पोचला.

मूळ त्याहून कितीतरी जुनं. १२२३ च्या नाताळच्या रात्री, रोमच्या उत्तरेकडच्या ग्रेच्चो गावात संत फ्रान्सिस यांनी डोंगरातल्या गुहेत गव्हाण मांडली. गवत, एक बैल, एक गाढव. बाहुली एकही नाही. ज्या येशूचा जन्म राजवाड्यात झाला नाही, त्याची गरिबी लोकांनी डोळ्यांनी पाहावी एवढीच इच्छा.

(दृश्य: सान मार्तीनो संग्रहालय, कुचिनिएल्लो देखावा)

नेपल्सच्या टेकडीवर सान मार्तीनोच्या जुन्या मठात आता संग्रहालय आहे. मिकेले कुचिनिएल्लो यांनी आपला संग्रह दान केला आणि १८७९ मध्ये हा देखावा इथं उभा राहिला. बाळ येशू शोधायला तुम्हाला थोडा वेळ लागेल. तो पडक्या रोमन मंदिराच्या खांबांमध्ये आहे. राजा चार्ल्सच्याच काळात शेजारी हर्क्युलेनियम आणि पॉम्पे ही ज्वालामुखीनं गाडलेली रोमन शहरं जमिनीखालून वर येत होती, ते अवशेष कारागिरांच्या डोळ्यांसमोर होते. जुने देव गेले, नवा आला, हा अर्थही त्यात आहेच.

आणि भोवती सगळं नेपल्स. खानावळ, कोळीण, चेंडूएवढ्या पावांची पाटी घेतलेला भटारी. गाडीवर पिंपांच्या मध्ये बसलेला लालबुंद गालांचा चिचीबाक्को, दारूवाला. टरबूजवाला ऑगस्टचा, भाजलेली चेस्टनट विकणारी नोव्हेंबरची, मासेवाला डिसेंबरचा. वर्षाचे बाराही महिने एकेका विक्रेत्याच्या रूपानं हजर. आणि सगळ्यांच्या वर, उतारावर झोपलेला मेंढपाळ बेनीनो. हा सगळा देखावा त्याचं स्वप्न आहे म्हणतात. त्याला उठवायचं नाही.

(दृश्य: एका घरात मांडणी, बुचाची साल, शेवाळ)

घरी मांडायला सुरुवात ८ डिसेंबरला, मरियामातेच्या निष्कलंक गर्भधारणेच्या सणाला. बुचाच्या झाडाची साल रचून डोंगर करतात, त्यावर शेवाळ. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे कुठे ठेवायचे यावर जसं घरातलं प्रत्येक पोर मत देतं, तसंच इथंही चाललंय. गव्हाण मात्र रिकामी. २४ तारखेच्या मध्यरात्री घरातलं सगळ्यात लहान मूल बाळ येशूची मूर्ती हातात घेतं, मागून सगळं घर मेणबत्त्या घेऊन खोल्यांमधून फिरतं, आणि मग मूर्ती गव्हाणीत ठेवली जाते. बाळाच्या दर्शनाला निघालेले तिन्ही राजे अजून दूर, डोंगराच्या कडेला. त्यांना रोज थोडं थोडं पुढे सरकवतात. ते पोचतात ६ जानेवारीला.

(दृश्य: झांपोन्यारी, रस्त्यावर)

हे झांपोन्यारी. मेंढीच्या कातड्याचे अंगरखे, पायात पट्ट्यांनी बांधलेल्या वहाणा. आब्रुत्सो, मोलीझेच्या डोंगरांतून नाताळच्या दिवसांत मेंढपाळ खाली उतरायचे आणि दारोदारच्या देखाव्यांपुढे वाजवायचे, ती ही रीत. एकाकडे मोठी कातडी पिशवीची झांपोन्या, दुसऱ्याकडे सनईच्या जातीची चारामेल्ला. जोडीनंच फिरतात.

(दृश्य: मासळीबाजार)

२४ च्या रात्री मांस खात नाहीत. म्हणून बाजारात ही झुंबड. टबात वळवळणारा हा जाड वाम मासा, कापितोने, तो जिवंतच घरी न्यायचा. जोडीला खारवलेला कॉड मासा, म्हणजे बाक्काला, फ्लॉवर-ऑलिव्हची कोशिंबीर, पिठाचे तळून मधात घोळवलेले गोळे, स्त्रूफोली.

(दृश्य: गल्ली, फळीवरच्या साच्यातल्या बाहुल्या)

या बाहुल्या इथल्या नाहीत. राळेच्या, साच्यातल्या, दूरच्या कारखान्यांतून खोक्यांनी येतात. हातच्या एका बाहुलीच्या किमतीत त्या ढीगभर येतात. गल्लीतले काही जण आता दोन्ही विकतात.

(दृश्य: कारागीर, म्हाताऱ्याचं डोकं धडावर बसवताना)

नेपल्सला गेलात तर विचारा, की हे कुणी केलं. बाहुली हातात घ्यायची परवानगी मागा. मातीची असेल तर वजन कळतं, धड तारेचं असेल तर हात वाकतो, आणि ज्यानं ती घडवली तो मागच्या खोलीतून बाहेर येऊन डोळे कसे बसवले ते दाखवतो. कारखाने बारा महिने उघडे असतात. जानेवारीत राजे पोचले की गर्दी ओसरते, आणि बोलायला कारागिरांपाशी वेळ असतो.