घरखर्चाची वही निवडताना

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर संपत आला की स्टेशनरीच्या दुकानांत डायऱ्यांचे ढीग लागतात आणि घरखर्चासाठीही आपण त्यातलीच एखादी उचलतो. पण पैशांचा हिशेब जानेवारीत सुरू होत नाही. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आयकर त्याच वर्षाचा, टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापला जाणारा कर, तोही त्याच वर्षाचा. तेव्हा तारखा न छापलेली वही घ्या आणि तारखा स्वतः घाला.

दुकानात वही चाळताना बहुतेक जण खर्चाचे रकाने बघतात. मी आधी बघते ते हे, की पुढे येणाऱ्या खर्चांना जागा आहे का? बारा महिने समोरासमोरच्या दोन पानांवर एकदम दिसायला हवेत. जूनमध्ये शाळेची फी, दप्तर, रेनकोट. मग गणपती, दिवाळी. मधेच घरपट्टी, गाडीचा विमा. यातलं काहीच अचानक येत नाही, तरी दर वर्षी आपली ओढाताण होतेच! समजा, मार्चमध्ये विम्याचा १२,००० रुपयांचा हप्ता आहे. एप्रिलमध्येच तो मार्चच्या चौकटीत लिहिला, तर महिन्याला १,००० बाजूला काढायचे हे लगेच कळतं. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली घरखर्चाची वही छापली, तिचाही पाया हाच: आधी अंदाजपत्रक, मग खर्च. मला ही वही फार मोलाची वाटते.

रोजच्या नोंदीला रोजकीर्दीची साधी आखणी पुरते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, खाली शिल्लक. छापील रकान्यांची गर्दी असलेले प्लॅनर टाळा; त्यात ‘मनोरंजना’चा रकाना कोरा राहतो आणि औषधांना जागा पुरत नाही. शिल्लक मात्र दोन लिहा, हातातली आणि खात्यातली. रिक्षा, चहा, कोथिंबिरीची जुडी, सगळं यूपीआयने जातं. पाकिटातली नोट मोडत नाही, म्हणून खर्च जाणवत नाही.

बांधणी शिवलेली असावी. वही मधोमध उघडून काउंटरवर ठेवा. मिटली तर घेऊ नका, एका हाताने धरून दुसऱ्याने लिहायचा कंटाळा येतो. शेवटच्या पानावर पेन चालवून शाई मागे उमटते का तेही बघा.

आणि घरी आणल्यावर ती कपाटात ठेवू नका. दुधाचे खाडे ज्या कॅलेंडरवर मांडता, त्याच्याच शेजारी खिळ्याला अडकवा, पेन दोऱ्याने बांधून.